वावरातून ब्रिजवर : व्यापारी जहाजावर डेक अधिकारी कसे व्हावे आणि पहिली दोन वर्षे कशी काढावी

आमच्या घरी कापूस विकायला नेण्याआधी आबाजी तो घरच्या काट्यावर मोजत आणि आकडा कोळशाने भिंतीवर लिहून ठेवत. व्यापारी फसवतोच असे त्यांचे म्हणणे नव्हते; परंतु दोन काट्यांतला फरक कळल्याशिवाय बंडी रिकामी करायची नाही, हा त्यांचा शिरस्ता होता. पुढे मी जहाजावर डेक अधिकारी झालो, तेव्हा या कामाचे मूळ तेच आहे असे मला आढळले. एका साधनावर विसंबायचे नाही, दुसऱ्या मार्गाने पडताळा घ्यायचा आणि जे दिसले ते त्याच वेळी लिहून ठेवायचे. यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्या गावापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे आणि गावातले निम्मे लोक आजही मी मिलिट्रीत आहे असेच समजतात. म्हणून आधीच सांगतो की व्यापारी जहाजावरची नोकरी म्हणजे नौदल नव्हे. येथे बंदूक नसते. एका बंदरातला माल दुसऱ्या बंदरात सुखरूप पोहोचवणे एवढेच काम असते आणि तेवढ्यासाठीच सारी यातायात असते.

बहुतेक मालवाहू जहाजांवर डेक विभागात कॅप्टनच्या हाताखाली तीन अधिकारी असतात. थर्ड ऑफिसरकडे जीवरक्षक होड्या, लाइफजॅकेट आणि आग विझवण्याची साधने असतात. सेकंड ऑफिसर नकाशे अद्ययावत ठेवतो आणि प्रवासाचा मार्ग आखतो. चीफ ऑफिसर माल, जहाजाचा समतोल आणि डेकची देखभाल पाहतो. याशिवाय तिघांनाही ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीत, पाळी असते, तिला वॉच म्हणतात. सर्वसाधारणपणे आठ ते बारा थर्ड ऑफिसरची, बारा ते चार सेकंड ऑफिसरची आणि चार ते आठ चीफ ऑफिसरची, अशा दिवसा एक व रात्री एक मिळून दोन पाळ्या प्रत्येकाच्या वाट्याला येतात. या सर्वांच्या खाली कॅडेट म्हणजे शिकाऊ अधिकारी असतो आणि आपली सुरुवात तेथूनच होते.

अकरावीलाच ठरवायची गोष्ट

तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात अनेक मुले जीवशास्त्र घेऊन गणित सोडतात आणि बारावीनंतर या क्षेत्राची चौकशी करतात, तेव्हा दार बंद झालेले असते. डेक अधिकाऱ्याच्या अभ्यासक्रमासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित या तीन विषयांत मिळून सरासरी ६० टक्के आणि दहावीला किंवा बारावीला इंग्रजीत ५० टक्के गुण लागतात. वय साधारणपणे १७ ते २५ असावे लागते. राखीव प्रवर्गांसाठी आणि मुलींसाठी सवलती आहेत; त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहाव्यात, कोणाच्या तोंडून ऐकून ठरवू नये.

गुणांच्याही आधी डोळे तपासून घ्यावेत. डेकच्या शाखेला चष्म्याशिवायची नजर उत्तम लागते आणि रंगांधत्व मुळीच चालत नाही, कारण रात्री समोरच्या जहाजाचा दिवा लाल की हिरवा यावरच निर्णय घ्यायचा असतो. रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखण्याची चाचणी नेत्रतज्ज्ञाकडे थोड्या वेळात होते. वर्षभर शिकवणी लावून शेवटी वैद्यकीय तपासणीत बाद झालेला मुलगा मी पाहिला आहे. ती चाचणी त्याने अकरावीत करून घेतली असती तर घरचे पैसे वाचले असते.

प्रवेशासाठी भारतीय सागरी विद्यापीठाची सामाईक परीक्षा द्यावी लागते. या विद्यापीठाची स्थापना २००८ साली झाली, मुख्यालय चेन्नईला आहे आणि मुंबई, नवी मुंबई, कोलकाता, कोची व विशाखापट्टणम येथेही त्याची केंद्रे आहेत. परीक्षा संगणकावर होते व तीन तासांत २०० प्रश्न सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिटही नाही. तेव्हा कागदावर सावकाश गणित करण्याची सवय असलेल्यांनी घड्याळ लावून सराव करावा. पुढे दोन वाटा आहेत. तीन वर्षांची नौकानयनशास्त्रातली बी.एस्सी. केल्यास नंतर १२ महिने समुद्रसेवा पुरते. एक वर्षाची पदविका, जिला सगळे डीएनएस म्हणतात, केल्यास १८ महिने लागतात. परंतु तिच्यासाठी आधी एखाद्या जहाज कंपनीचे प्रायोजकत्व मिळवावे लागते. ज्यांच्या घरी कमावता हात लवकर हवा असतो त्यांना डीएनएस बरी वाटते आणि ते चूकही नाही. फक्त प्रायोजकत्वाचे पत्र खरे आहे याची खात्री झाल्याशिवाय शुल्क भरू नये.

मध्यस्थाचा काटा

माझी बारावी झाल्यावर जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका मध्यस्थाने थेट जहाजावर लावून देतो असे सांगून वडिलांकडून ४० हजार रुपये घेतले. तो सोयाबीनचा पैसा होता. पावती दिली नाही, पण रंगीत शिक्का मारलेले नेमणुकीचे पत्र दिले. आमच्या गणिताच्या सरांनी ते पत्र हातात घेतले, त्यावरच्या कंपनीचे नाव नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर शोधले आणि पत्र घडी करून परत दिले. परवानाधारकांच्या यादीत ते नाव नव्हतेच. निम्मे पैसे परत आले, निम्मे बुडाले.

जो तपास सरांनी दहा मिनिटांत केला तोच प्रत्येकाने करावा. जहाजावर माणसे भरती करणाऱ्या कंपनीकडे महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो, त्याला आरपीएसएल म्हणतात. त्याचा क्रमांक आणि मुदत संकेतस्थळावर पाहता येते. मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थांची यादीही तेथेच असते. दुसरी गोष्ट अशी की, नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून किंवा अधिकाऱ्याकडून पैसे घेणे नियमानेच बंद आहे. २००६ च्या सागरी कामगार करारात ते स्पष्ट म्हटले आहे आणि भारताने तो करार स्वीकारला आहे. तेव्हा 'सर्व्हिस चार्ज' हा शब्द ऐकू आला की उठून यावे. दहावीनंतर रेटिंग म्हणजे खलाशी होण्याची वाटही सन्मानाची आहे, पण फसवणूक सर्वाधिक तेथेच होते. म्हणून हा पडताळा त्या मुलांनी तर अधिकच कसोशीने घ्यावा.

कागदपत्रांत पासपोर्ट पहिला. विदर्भासाठी पासपोर्टचे प्रादेशिक कार्यालय नागपूरला आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर, आधारवर आणि पासपोर्टवर नावाचे इंग्रजी स्पेलिंग अक्षरशः एकच असावे. आपल्याकडे वडिलांचे नाव मध्ये लावण्याच्या पद्धतीमुळे कोठे तरी एक अक्षर हमखास बदललेले असते आणि ते पुढे इंडोस क्रमांक (खलाशांच्या राष्ट्रीय नोंदणीतला क्रमांक) आणि सीडीसी काढताना आडवे येते. सीडीसी हे खलाशाचे सेवापुस्तक. त्याविषयी शेवटी सांगतो.

घर सोडण्याआधी गच्चीवर

खेड्यातल्या मुलाजवळ एक गोष्ट अशी असते जी मुंबईच्या मुलाजवळ नसते, ती म्हणजे अंधारे आकाश. नौकानयनाच्या पंचांगात निवडक ५७ तारे दिलेले असतात आणि त्यांतले अनेक आपल्या म्हाताऱ्या माणसांना नक्षत्रांच्या नावांनी ओळखीचे असतात. रोहिणी, मघा, चित्रा, स्वाती, ज्येष्ठा, श्रवण, अभिजित आणि व्याध हे सगळे त्या यादीत आहेत, फक्त इंग्रजी नावांनी. उन्हाळ्यात बाहेर बाज टाकून झोपताना हे तारे बोटाने दाखवता येतील इतके पाठ करावेत.

ध्रुवताऱ्याचा एक प्रयोग अवश्य करावा. हात पूर्ण लांब करून मूठ वळली की तिची रुंदी डोळ्याला साधारण दहा अंश भरते. विदर्भात क्षितिजापासून ध्रुवापर्यंत जवळपास दोन मुठी बसतात, कारण आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला २०-२१ अंशांवर आहोत आणि ध्रुवताऱ्याची उंची म्हणजेच जवळजवळ आपला अक्षांश असतो. सेक्स्टंट हे कोन मोजण्याचे उपकरण हेच काम अंशाच्या बारीक भागापर्यंत करते. वेळेचेही तसेच. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. नागपूर ७९ अंश रेखांशावर आणि मुंबई ७३ अंशांवर, म्हणून नागपूरच्या डोक्यावर आलेला सूर्य मुंबईच्या डोक्यावर यायला सुमारे २४ मिनिटे घेतो. हे ज्याला गावातच उमगले, त्याला जहाजावरची घड्याळे पुढे-मागे करताना गोंधळायला होत नाही.

पोहण्याबद्दल एक सूचना. विहिरीत सूर मारणाऱ्यांना आपण तयार आहोत असे वाटते. परंतु लाइफजॅकेट घालून उंचावरून उडी मारताना सूर मारला तर मान मोडण्याचा धोका असतो. एका हाताने नाक व तोंड धरायचे, दुसऱ्या हाताने जॅकेट घट्ट खाली ओढून धरायचे, पाय जुळवायचे, नजर समोर ठेवायची आणि सरळ पाऊल टाकायचे. जुनी सवय मोडायला मला तीन उड्या लागल्या.

ब्रिजवरची रात्र

वॉच बारा वाजता सुरू होत असेल तर पावणेबारालाच वर जावे. उजेडातून आलेल्या डोळ्यांना अंधार दिसू लागायला बराच वेळ लागतो आणि रात्री ब्रिजवर दिवे मालवलेले असतात. त्या वेळात कॅप्टनच्या रात्रीच्या सूचना वाचून सही करावी, जहाज नकाशावर कोठे आहे ते स्वतः पाहावे, आसपासची जहाजे मोजावीत आणि मगच 'वॉच घेतला' असे म्हणावे. जाणारा अधिकारी एखादे जहाज टाळण्याच्या मध्यात असेल तर ते काम पुरे होईपर्यंत ताबा घेऊ नये.

टक्कर होणार आहे हे कसे ओळखावे, याचे उत्तर एस.टी.च्या खिडकीत आहे. आपली बस सरळ रस्त्याने एकाच वेगाने जात असताना आडव्या रस्त्याने येणारा ट्रॅक्टर खिडकीच्या काचेवर पुढे किंवा मागे सरकत असेल तर तो पुढून किंवा मागून निघून जाईल. पण तो काचेच्या एकाच ठिकाणी थांबून नुसता मोठा होत असेल तर तो आपल्यावरच येत आहे. समुद्रावर काचेऐवजी होकायंत्राची दिशा घेतात. समोरच्या जहाजाची दिशा बदलत नाही आणि अंतर कमी होत आहे, म्हणजे धोका आहे असे १९७२ चे आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियम सांगतात. या नियमांना जहाजावर सगळे कोल्रेग म्हणतात आणि ते पाठ असावेच लागतात.

जहाजाच्या डाव्या बाजूला लाल दिवा व उजव्या बाजूला हिरवा दिवा असतो, प्रत्येकी साडेएकशेबारा अंशांत दिसणारा. मागचा पांढरा दिवा १३५ अंशांत दिसतो. तिघांची बेरीज ३६० होते. आपल्या उजवीकडून आडवे येणाऱ्या जहाजाचा लाल दिवा आपल्याला दिसतो आणि अशा वेळी बाजूला होण्याची जबाबदारी आपली असते. वळायचे ते लवकर आणि ठसठशीत वळावे. पाच-पाच अंशांनी चोरट्यासारखे वळल्यास समोरच्याला आपण वळलो हेच कळत नाही. भरलेले मोठे जहाज थांबायला काही किलोमीटर घेते, त्यामुळे ब्रेक मारण्याचा विचार मनातून काढून टाकावा. आणि हे सारे परस्परांना पाहू शकणाऱ्या जहाजांसाठी आहे. धुक्यात नियम वेगळा आहे, तो वेगळाच शिकावा.

थर्ड ऑफिसर झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी एक चूक केली. रात्री दहाच्या सुमारास समोर मासेमारीच्या होड्यांचे दिवे दिसू लागले, आधी सहा, मग वीस, मग मोजता येईनात. कॅप्टन नुकताच खाली गेला होता. त्याला लगेच उठवले तर आपण नवखे ठरू, या संकोचाने मी अर्धा तास एकट्याने वाट काढत राहिलो. रडारवर काही होड्या उमटत होत्या, काही उमटत नव्हत्या. शेवटी वळताना जहाज जरा कलले, ते जाणवून कॅप्टन स्वतःच वर आला. होड्यांतून बाहेर पडेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. नंतर त्याने मला माझ्याच सहीची सूचनावही उघडून दाखवली. 'शंका आली तर मला बोलवा' या ओळीखाली माझी सही होती. बोलावण्याची वेळ शंका येण्याचीच असते, ती सिद्ध होण्याची नसते.

ठिकाणाचा पडताळा हे या पाळीचे दुसरे मोठे काम. जीपीएसचा आकडा पडद्यावर आयताच येतो आणि म्हणूनच तो फसवू शकतो. किनारा जवळ असेल तर एखाद्या टोकाचे रडारवरचे अंतर व दिशा घेऊन ठिकाण पुन्हा काढावे, खोली मोजणाऱ्या यंत्राचा आकडा नकाशावरच्या खोलीशी ताडून पाहावा. खोल समुद्रात दर पाळीला एकदा सूर्याची किंवा ताऱ्याची दिशा घेऊन होकायंत्राची चूक काढावी आणि नोंदवावी. दोन काटे जुळले नाहीत तर कोणता खोटा याचा तपास लागेपर्यंत स्वस्थ बसू नये.

माल : येथे शेतकऱ्याचे पोर पुढे असते

बाजार समितीत सोयाबीनच्या ढिगात हात घालून ओलावा ओळखणारी माणसे आपण लहानपणापासून पाहतो. ओले सोयाबीन ढिगात तापते, बुरशी धरते आणि ढेपाळते. जहाजाच्या होल्डमध्ये, म्हणजे माल भरण्याच्या कप्प्यात, हजारो टनांच्या बाबतीत हेच घडते, फक्त नुकसान कोटींत होते. होल्डला हवा कधी द्यायची यासाठी एक सोपा नियम आहे. माल भरताना त्याचे सरासरी तापमान लिहून ठेवावे आणि बाहेरची हवा त्याहून किमान तीन अंश सेल्सिअसने थंड असेल तेव्हाच झडपा उघडाव्यात. गरम दमट हवा थंड मालावर गेली की मालावरच दव धरते. हवा केव्हा दिली, केव्हा बंद केली आणि पाऊस किंवा लाटांचे पाणी असल्यामुळे केव्हा देता आली नाही, हे वेळेसकट लिहिलेले नसेल तर पुढे भरपाईच्या वादात जहाजाची बाजू लंगडी पडते. कापसाचेही असेच. ओला कापूस आपोआप तापतो म्हणून धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत तो ४.२ या वर्गात घातलेला आहे. जिनिंगच्या आवारात गंजी पेटलेली ज्याने पाहिली असेल त्याला याचे कारण समजावून सांगावे लागत नाही.

किती माल भरला हे जहाज स्वतःच सांगते, त्यासाठी ड्राफ्ट, म्हणजे जहाज पाण्यात किती बुडाले आहे ते, वाचता यावा लागतो. जहाजाच्या पुढे, मध्यभागी आणि मागे, दोन्ही बाजूंना आकडे रंगवलेले असतात. मेट्रिक पद्धतीत आकड्याची उंची १० सेंटीमीटर व दोन आकड्यांमधली मोकळी जागाही १० सेंटीमीटर असते, आणि आकड्याची खालची कड म्हणजे तो आकडा. पाणी ८ च्या तळाला टेकले तर आठ मीटर, माथ्याला टेकले तर आठ मीटर दहा सेंटीमीटर. लाटा असतील तर पाण्याचे वर-खाली जाणे बराच वेळ पाहून मध्य धरावा. हायड्रोमीटरने पाण्याची घनता घ्यावी, कारण समुद्राचे पाणी साधारण १.०२५ असते आणि नदीच्या मुखावरच्या बंदरात ते हलके असल्याने जहाज अधिक बुडते. धान्य वाहणाऱ्या मोठ्या जहाजाला एक सेंटीमीटर बुडवायला ५०-६० टन माल लागतो, म्हणजे बोटाच्या पेराएवढी चूक ही दीड-दोन हजार क्विंटलांची चूक असते. मी कॅडेट असताना चीफ ऑफिसर मला वेगळे वाचायला लावून स्वतः वेगळे वाचत असे आणि मगच दोन कागद शेजारी ठेवत असे.

बंद जागा

आपल्याकडे गाळ काढायला किंवा मोटार पाहायला जुन्या विहिरीत उतरलेला माणूस वर आला नाही, त्याला काढायला दुसरा उतरला आणि तोही गेला, अशी बातमी दर एक-दोन वर्षांनी कानावर येते. जहाजावर बॅलास्टच्या (समतोलासाठी पाणी भरायच्या) टाक्या, बंद होल्ड आणि होल्डकडे जाणारे जिने अगदी तशाच विहिरी आहेत. लोखंड गंजताना हवेतला प्राणवायू खाते. कोळसा, लाकूड आणि धान्यही तेच करतात. काही दिसत नाही, वास येत नाही, चक्करही पुरती येत नाही. माणूस शिडीवरच कोसळतो.

गावात कंदील सोडून पाहतात. पण कंदील विषारी वायूबद्दल काही सांगत नाही. म्हणून मोजयंत्राने वर, मधोमध व तळाशी अशा तिन्ही ठिकाणी हवा तपासावी, प्राणवायू २१ टक्क्यांच्या आसपास आणि विषारी व ज्वालाग्राही वायू नाहीत हे पाहावे, लेखी परवाना भरावा, तोंडाशी एक माणूस रेडिओसह उभा ठेवावा आणि मगच उतरावे. आत कोणी पडलेला दिसला तरी श्वसनयंत्राशिवाय त्याच्यामागे उतरू नये. हे वाक्य निर्दयी वाटते. पण मदतीला धावणाराच दुसरा मृतदेह होतो, हे आपल्या विहिरींनी पुरते दाखवून दिले आहे.

दोर बांधताना ताणलेल्या दोराच्या सरळ रेषेत किंवा तो तुटून जेथे फटकारेल अशा जागी उभे राहू नये, एवढे सांगून ते सोडतो. बाकी बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, शिकवतो आणि तो पुस्तकाहून बरे शिकवतो. बहुतेक भारतीय माणसे असलेल्या जहाजावर आपली वऱ्हाडी हिंदी खपून जाते, थोडी थट्टा होते इतकेच. इंग्रजी मात्र वेगळ्या प्रकारचे लागते. व्हीएचएफ रेडिओवर वक्तृत्व नको असते, आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ठरवलेली छोटी प्रमाण वाक्ये न चुकता बोलता आली पाहिजेत. ती मोठ्याने म्हणून पाठ करावीत.

विश्रांतीची नोंद खरी ठेवावी. चोवीस तासांत किमान १० आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे; ते १० तास फार तर दोन तुकड्यांत असावेत व त्यातला एक तुकडा किमान सहा तासांचा असावा. बंदरात हे पाळणे कठीण जाते आणि आकडे जुळवून लिहिण्याचा मोह होतो. पेंगुळलेल्या माणसाने रडारसमोर घेतलेला निर्णय त्या कागदाने सुधारत नाही.

उतरताना

पोळा आणि दिवाळी हुकणार हे घरच्यांना आधीच सांगून निघालेले असते, त्यामुळे सुटका होण्याच्या दिवशी डोक्यात फक्त विमान आणि पुढे नागपूरची गाडी असते. चुका त्याच दिवशी होतात. गँगवे म्हणजे जहाजाचा जिना उतरण्याआधी सीडीसीत चढल्याची व उतरल्याची तारीख, जहाजाचे नाव, पद आणि कॅप्टनची सही व शिक्का आहे हे स्वतः वाचावे. समुद्रसेवेचे वेगळे प्रमाणपत्र आणि कॅडेटच्या प्रशिक्षण नोंदवहीतल्या सर्व सह्या घ्याव्यात. कॅप्टन एकदा दुसऱ्या जहाजावर गेला की सहीसाठी महिने जातात. सेकंड मेटच्या, म्हणजे कॅडेटचा अधिकारी होण्याच्या, परीक्षेला बसण्यासाठी जे १२ किंवा १८ महिने दाखवायचे असतात ते या तारखांवरूनच मोजले जातात आणि सुट्टीचे दिवस त्यात धरत नाहीत. मी माझे दिवस चुलत्याच्या किराणा दुकानातल्या कॅलेंडरवर एकेक फुली मारून मोजले, कंपनीच्या हिशेबाशी ताडून पाहिले, आणि माझे नऊ दिवस कमी भरत होते. पहिल्या जहाजाची उतरण्याची तारीख चुकीची पडली होती. ती दुरुस्त करून घेतली आणि मगच परीक्षेचा अर्ज भरला.